खंडेनवमीचा हार

मंडळी, वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. गेलेलं परत मिळवण्याची क्रियापदं आज फळ्यावर लिहिली: रिकव्हर, रिगेन, रिक्लेम. म्हटलं, स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करा.

जाधवभाऊ उठले. मनगट मोडल्यापासून त्यांना मशीनवरून काढून स्टोअरला बसवलंय. मागच्या खंडेनवमीला, यंत्रपूजेत, त्यांच्या मशीनला हारसुद्धा दुसऱ्यानंच घातला.

"मॅडम, मनगट रिकव्हर झालं. उद्या साहेबाकडं जाऊन मशीन रिक्लेम करतो."

"भाऊ, रिक्लेम म्हणजे हक्कानं परत मागणं. जरा नरम शब्द देऊ का?"

"नाय. नरम बोलण्यातच वर्ष गेलं. यंदा हार मीच घालणार."

मी रिक्लेम पुन्हा मोठ्या अक्षरात लिहिलं.

तुम्ही अजून कशासाठी नरम शब्द शोधताय?