कुरडया, सोऱ्या आणि ह्यांचं कोपर

मी कुरडयांचे गहू भिजत घातले, त्याच दिवशी आमच्या ह्यांचं उजवं कोपर दुखायला लागलं.

योगायोग? मी योगायोगावर विश्वास ठेवत नाही. (दुधवाल्यावर, इस्त्रीवाल्यावर आणि हवामानाच्या अंदाजावरही ठेवत नाही.) लेकीचं लग्न तोंडावर. रुखवतातल्या कुरडया आख्खं अकोट निरखून पाहणार. आणि आमच्या घरात गरम चिकाचा सोऱ्या फिरवायचं काम आमच्या लग्नापासून ह्यांचं. मागच्या वर्षी नेमकी कंबर धरली होती, त्याआधी दर्यापूरला 'अर्जंट काम' निघालं होतं. आता कोपर! भिजलेले गहू काही कोणाच्या कोपरासाठी थांबत नाहीत, आंबून जातात.

मी पाळत ठेवली. चहाचा कप उचलताना "आई गंऽ!" मी अर्धाच कप दिला. तरी "आई गंऽ!" आणि दुपारी पाहते तर काय, हाच माणूस बटाट्यांची पिशवी खालून दोन्ही हातांवर घेऊन जिना चढतोय!

"सापडले! कप उचलत नाई, अन् पिशवी कशी उचलली तुमी?"

"अवो, तळहात वर असला का नाई दुखत. हात उपडा केला का कळ येते."

"वा! दुखणं हाताची बाजू पाहून येते!"

अकोल्याला माझी भाची मंजू फिजिओथेरपिस्ट आहे. तिला फोन करून सांगितलं, "मंजू, इलाज नको करू. नुसतं खोटं पकड." दुसऱ्या दिवशी ह्यांना एसटीत घातलं आणि थेट तिच्या दवाखान्यात उभं केलं.

मंजूनं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड दाबलं. हे टुणकन उडाले.

"नाटक!" मी म्हटलं.

"मावशी, तू बस." मग तिनं प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली. "काका, हात सरळ, तळहात खाली. पाठीला धरून उचला."

खुर्ची हलली नाही. ह्यांचा चेहरा मात्र पिळल्यासारखा झाला.

आता माझा संयम सुटला. "अहो, प्लॅस्टिकची खुर्ची आहे! इकडे व्हा, मी दाखवते!" मी तरातरा गेले, हात सरळ केला, तळहात खाली, खुर्ची धरली आणि उचलली. ती दोन बोटं वर आली आणि मंजूच्या पायावर पडली. माझी किंकाळी बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकली. त्यातले दोघे घरी निघून गेले.

"मावशी," मंजू पाय चोळत म्हणाली, "तुलेबी तेच आहे. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी इथं कोपराले बांधलेली असते. एकच काम रोज रोज, आराम न देता केलं का तिले इजा होते. काय करून राहिले तुमी दोघं?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. मी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे.

रंगारी अर्धा रंग घरी नेतात असा मला संशय, म्हणून रंगाआधी आख्ख्या घराच्या भिंती ह्यांनीच लोखंडी पत्रीनं खरवडल्या होत्या. मशीन कपडे फाडतं असा संशय, म्हणून पाहुण्यांसाठीच्या सगळ्या गोधड्या मी हातानं पिळल्या होत्या. माझंही कोपर ठणकत होतंच. पण तो नव्या उशीचा दोष समजून मी उशी दुकानदाराला परत करून आले होते!

"म्हणजे तुमच्या कोपरांले तुया संशय भोवला," मंजू म्हणाली. "खरवडणं, पिळणं बंद. कोपराच्या खाली हा पट्टा बांधा. वजन हलकं, तळहात वर ठेवून उचला. हा व्यायाम रोज, सावकाश. बरं व्हायले काही आठवडे लागतीन."

"अन् सोऱ्या?"

"नावबी काढू नको."

"अन् माहे गहू?"

"मावशी, मी गव्हाचा इलाज नाई करत."

गहू वाटून चीक तयार झाला (वाटले गिरणीत, तेही पहिल्यांदाच), पण सोऱ्याला हात लावणार कोण? शेजारच्या शबाना भाभींकडे शेवयांचं मोटारीवरचं मशीन आहे. त्याला कुरडयांची जाळीही बसते. भाभी दरवर्षी द्यायला तयार, आणि मी दरवर्षी नाही म्हणणार. मशीनच्या कुरडईला चव नसते, शिवाय आत काय काय अडकलेलं असेल! त्या सकाळी मात्र पातेलं घेऊन मीच त्यांच्या दारात उभी. मागे हे.

भाभींनी माझा पट्टा पाहिला, मग ह्यांचा. "दोनोंकू एकही जगा पे लगा? लडाई झाली का वो?"

लग्नात विहीणबाईंनी तळलेली कुरडई मोडून तोंडात टाकली. "हातची कुरडई ती हातचीच वो! मशीनची असती तं मले लगेच कळलं असतं."

शेजारी बसलेल्या शबाना भाभींना पाणी पिता पिता जोराचा ठसका लागला. मी हात जोडले. कोपरातून कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंना वाटलं, लेक चालली म्हणून.

कोणालाही संशय आला नाही. आख्ख्या मांडवात संशय घेणारी मी एकटीच होते, आणि मी आमच्याच बाजूची होते!