देवरूख ते दाभोळ: दोन जुन्या सायकली आणि चाळिशीतली मी

सायकल मी चाळिसाव्या वर्षी शिकले, देवरूखच्या कॉलेजच्या मैदानावर. शिकवली नवऱ्याने, वसंताने; तो त्याच कॉलेजात क्लार्क आहे. २००७च्या जानेवारीत आम्हा दोघांची सुट्टी जुळली, तेव्हा मीच म्हटलं, "दाभोळला सायकलने जाऊ." लॉजवर पैसे घालवायचे नाहीत, एवढं ठरलं. दोन बिनगिअरच्या सायकली, कॅरिअरला चादरी, तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी.

पहिल्या दिवशी संगमेश्वरपर्यंत बराचसा उतार, पुढे हायवे. ट्रक अगदी अंगावरून जातात, तेव्हा उजाडता उजाडता निघावं. मुक्काम सावर्ड्याला, वसंताच्या मित्राकडे.

दुसऱ्या दिवशी चिपळूण सोडून गुहागरचा रस्ता धरला आणि मार्गताम्हान्याच्या अलीकडच्या चढावर माझे पाय संपले. मोहोरलेल्या आंब्याखाली बसून मी चक्क रडले. मागून एसटी येत होती.

"सायकली टपावर टाकू या का?" वसंताने विचारलं. तो चिडवत नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

"जाऊ दे गाडी," मी म्हटलं.

तो चढ आम्ही सायकली ढकलत चढलो. नव्यांनी यात कमीपणा मानू नये. गुहागरात देवळाच्या भक्तनिवासात दोन चटया मिळाल्या, शेजारच्या खानावळीत पंचवीस रुपयांत पोटभर कुळथाची पिठी आणि भात.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याच्या उतारावर माझ्या ब्रेकचे रबर संपले. सायकल हातात धरून खाली पोचेपर्यंत खाडीपलीकडच्या दाभोळची फेरीबोट सुटली होती. पुढची तासाभराने.

धक्क्यावर मासे विकून आलेली एक बाई बसली होती, रुक्मिणीताई. शेजारी तिचा नवरा जाळं सांधत होता.

"कुठनं आलाव?" तिने विचारलं.

"देवरूखहून."

"सायकलीनं? तू पण चालवतेस?"

"गेल्या वर्षी शिकले."

ती रोज टोपली डोक्यावर घेऊन तीन वाड्या चालते. सायकलीकडे बघत म्हणाली, "बसून बघू?"

"पडशील. कंबर मोडंल," नवरा मान वर न करता म्हणाला.

"मोडली तर माझी मोडंल." तिने लुगडं आवळलं आणि बसली.

जागा सपाट होती. मी सीट धरून धावले. दोनदा ती कलंडली. तिसऱ्यांदा नवरा जाळं ठेवून उठला आणि त्याने पलीकडून हँडल धरलं.

"चाकाकडं नको, पुढं बघ."

"तुम्हाला येते सायकल?" मी विचारलं.

"नाय. पण होडी हाकताना पुढंच बघतात."

थोड्या वेळाने त्याने हँडल सोडलं.

दाभोळला मेकॅनिकने ब्रेक बसवून दिले. पैसे फक्त रबराचे घेतले. चौथ्या दिवशी दापोलीपर्यंत सायकलने आणि तिथून एसटीने परत, सायकली टपावर, त्यांचं लगेज तिकीट वेगळं.

घरी आल्यावर आठवडाभर गुडघे शेकले. शेजारणी विचारतात, एवढं काय बघितलंत? मी खाडी सांगते, मोहोराचा वास सांगते. पण मनात राहिलंय ते वेगळंच. त्या तिसऱ्या फेरीत माझ्या हाताला वजनच लागेना. रुक्मिणीताई आपली आपण चालली होती, आणि मी मात्र सीटला नुसता हात लावून तिच्यामागे धावत होते.