शेणव्याच्या मामांचा आठवडा

प्रवचन ऐकून त्याप्रमाणे वागणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे शेणव्याचे मामा. आम्ही बाकीची मंडळी शहापूरच्या चर्चमधल्या उपासनेतून बाहेर पडलो की चपला शोधता शोधता प्रवचन विसरतो आणि मटण कुठून न्यायचं ते ठरवतो. मामा मात्र पाळकसाहेबांचं एक वाक्य उचलून घरी नेतात आणि शनिवारपर्यंत ते राबवतात. प्रभूचा शिष्य व्हायचं तर रोजच्या रोज व्हायचं, असा त्यांचा खाक्या. कुणी एक मैल चल म्हणालं तर दोन मैल जावं, हे ऐकलं त्या आठवड्यात त्यांनी आटगाव स्टेशनवर एका मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला स्कूटरवर घेतलं. त्याचा फाटा मागे पडला, तो पाठीवर थापा मारून ओरडू लागला, तरी मामा थांबेनात. "गप बस रे, तुजा दुसरा मैल बाकी हाय," असं म्हणत त्यांनी त्याला पुढच्या गावात नेऊन उतरवलं, आणि हात जोडून निरोपही दिला.

शेवटी मामींनी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, या रविवारी जरा सोपं घ्या. घरात मानसं राहतात." पाळकसाहेब सज्जन. त्यांनी बायबलातली वंशावळ घेतली. अमक्याला तमका झाला, यात कोण काय राबवणार? मामांनी आठवडाभर हिंडून कुळातले विसरलेले नातेवाईक झाडून सगळे शोधले आणि शनिवारी जेवायला आणले. भाकऱ्या थापता थापता मामी रडायच्या बेतात आल्या होत्या.

पण एक वाक्य फार महागात पडलं. हो ते हो आणि नाही ते नाही म्हणावं, हे ऐकून मामा मुरबाडला थोरल्या भावाकडे गेले, तर तिथे पुतण्याला बघायला मुलीकडची माणसं आलेली. "मुलगा कामाला आहे ना?" पाहुण्यांनी सहज विचारलं. भाऊ हो म्हणायला तोंड उघडतात तोच मामा म्हणाले, "नाय. काम सुटलं, घरीच हाय. पन पोरगा लय गुनाचा." गुणाचं पाहुण्यांनी ऐकलंच नाही. स्थळ मोडलं आणि भावाने मामांशी बोलणं टाकलं. खरं बोलल्याचा पश्चात्ताप मामांना कधीच झाला नाही. पण दादा आपल्याशी बोलत नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. दोनेक वर्षं ते मुरबाडचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचे.

मग एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी त्याच्याशी समेट करावा. मामांनी अर्पणासाठी आणलेली काकड्यांची पिशवी वेदीपुढे ठेवली आणि गीत चालू असतानाच निघाले. मुरबाडला भावाने दार लावून घेतलं. मामा ओट्यावर बसून संध्याकाळी परतले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पाळकसाहेब दर आठवड्याला नवं प्रवचन देत होते, पण मामा त्याच वाक्यावर अडले होते. अर्पणाची वेळ झाली की बाहेर स्कूटरची किक वाजायची आणि आमचा सूर हमखास चुकायचा.

पावसाळा सरत आला, शेतातलं भात पोटरीत आलं, तेव्हा एकदाचं ते दार उघडलं. "ये आत," भाऊ म्हणाले, "पन उद्या दुसरे पावने येनार हायत. उद्या फिरकू नको."

"नाय येत, दादा. मला इचारलं तर मी सांगनार."

यावर भाऊ हसले म्हणे. पुतण्याने पानं मांडली.

मामा शेणव्याला परतले तेव्हा आम्ही तिथेच होतो. मामींनी वाढू का विचारलं. "नको. दादाकडं जेवलो," मामा म्हणाले, आणि ते इतक्या थाटात म्हणाले, जणू लग्नाचं जेवून आलेत. मग ते पायरीवर टेकले आणि स्वतःच्याच हाताकडे बघू लागले.

"दादाचा हात थरथरतो गो," ते मामींना म्हणाले. "पेला धरवत नाय त्याला. आमी बोलत नवतो ना, तवाच तो म्हातारा झाला."