पिशवीखालचा दिवा

मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिची सायकल संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली राहिली. वर्षभर तिच्यावर शेजाऱ्यांची पायपुसणी वाळत होती. मग माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी म्हटलं, डॉक्टर, मी कंपनीत दिवसभर उभीच असते. ते म्हणाले, "उभं तर विजेच्या खांबालाही राहता येतं." मला राग आला, आणि त्या रागात मी सायकलवरची पायपुसणी काढली.

भोसरी एमआयडीसीत रबराची सील बनवणारी एक लहानशी कंपनी आहे. तिथं मी तपासणीला आहे. टेबलावर पांढरा दिवा, समोर काळ्या रबरी रिंगांचा ढीग, आणि एकेक रिंग उचलून तिच्यावर चीर किंवा बुडबुडा दिसतो का ते बघायचं. नवीन मुलगी कामाला लागली की सुपरवायझर तिला माझ्या शेजारी बसवतात आणि म्हणतात, "मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही." हे वाक्य मी घरी बऱ्याचदा सांगितलेलं आहे. मुलगी तर फोनवर मी सुरुवात केली की पुढचं स्वतःच म्हणते.

आमचे हे चाकणच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवतात. आम्ही मूळचे लातूरकडचे. इकडे येऊन वीसेक वर्षं झाली तरी ह्यांची भाषा तिकडचीच आहे, फक्त शिव्या इथल्या शिकले. रात्री जेवताना दिवसभरात रस्त्यावर कोण कसं आडवं आलं ते आम्हाला ऐकावं लागतं. रिक्षावाले त्यांना परवडतात, कारण रिक्षावाला कुठंही वळणार हे आधीच धरून चालता येतं. सायकलवाल्यांवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. "वारा आला तरी वळतेत," असं म्हणायचे.

त्यामुळे मी सायकलनं कामाला जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "दिवे लाव. आन् मोठ्या रस्त्यानं यायचं न्हाई, आतल्या गल्ल्यांनी जायचं."

दिवे मुलीनं तिकडूनच मागवून दिले. पुढचा पांढरा, मागचा लाल, दोन्ही मोबाइलच्या वायरवर चार्ज होणारे. दिव्यांच्या बाबतीत मी अगदी काटेकोर होते. रात्री माझा फोन बंद पडायला आलेला असला तरी आधी दिव्यांचा नंबर. सकाळी देवापुढं निरांजन लावावं तितक्या मनापासून मी ते लाल बटण दाबायची. गल्ल्यांचं मात्र जमलं नाही. नेहरूनगरच्या मागच्या गल्ल्यांतली कुत्री रिक्षाला भुंकत नाहीत, माणसाला भुंकत नाहीत, पण सायकल दिसली की त्यांना काय होतं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी मी पाय हँडलवर घेऊन, ओरडत, मोठ्या रस्त्याला लागले. घरी हे सांगायचं राहून गेलं.

डिसेंबरात पहिली शिफ्ट असली की अंधारातच निघावं लागतं. हे माझ्या आधी स्कूटरनं बस लावतात तिथं जातात, चिंचवडची माणसं घेतात आणि मग भोसरीवरून पुढं मोशी, चाकण. म्हणजे थोडा वेळ आमचा दोघांचा रस्ता एकच. त्या दिवशी धुकं होतं. मी राखाडी स्वेटर घातलेला, आणि थंडीनं कान दुखतात म्हणून स्कार्फ असा बांधलेला की फक्त डोळे उघडे. कंपनीच्या गल्लीला उजवीकडे वळायचं म्हणून मी हात दाखवला आणि दुभाजकाकडे सरकले. मागं बघितलं का? बघितलं असं मला वाटतं. स्कार्फमुळे मान अर्धीच वळते, त्यामुळे मी बहुतेक माझ्या खांद्याकडे बघितलं.

मागून ब्रेक करकचले. इतक्या जवळून, की आवाज माझ्याच दातांतून आल्यासारखा वाटला. मी सायकलवरून उतरले नाही, सायकलच माझ्याखालून निघून दुभाजकाला टेकली. बस थांबली, हळूहळू पुढं सरकली, ड्रायव्हरची खिडकी माझ्या डोक्यावर आली आणि त्यातून आवाज आला.

"ओ मावशी, घरी सांगून आलाय का?"

आवाज ओळखीचा होता. सत्तावीस वर्षं त्या आवाजाला मी चहा देते आहे.

मी वर बघितलं. त्यांनी खाली बघितलं. ओळखीची एक रेघसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर उमटली नाही. खिडक्यांतून अर्धवट झोपेतले कामगार बघत होते. बस निघून गेली. मी सायकल उचलली आणि कंपनीत जाऊन सील तपासायला बसले.

उत्तरं सगळी नंतर सुचली. "तुम्हालाच सांगून आलेय" हे चहाच्या सुट्टीत सुचलं. "घरी कुणी ऐकत असेल तर सांगू ना" हे जेवताना. मला सगळ्यात लागलं होतं ते मावशी. शिफ्ट संपेपर्यंत माझं चांगलं लांबलचक भाषण तयार झालं होतं, आणि त्यात मावशी हा शब्द बऱ्याच वेळा होता.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापताना योग्य वेळेची वाट बघत होते. पण पहिला घास घेऊन तेच म्हणाले, "आज एक बाई आली बसखाली."

"खाली?"

"म्हंजे यायची राहिली. सायकलवाली. ऐन धुक्यात आडवी."

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "कशी होती?"

"असंल साठीची. थोराड." मी पन्नाशीची व्हायची आहे. मी पाणी प्यायले. ते पुढं म्हणाले, "लाइट न्हाई, काही न्हाई. तोंड बांधलेलं. अंधारात नुसतं एक गाठोडं हलल्यावानी दिसलं. तेबी शेवटच्या क्षणाला."

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात ते ताटाकडे बघत म्हणाले, "पुढल्या स्टॉपला गाडी थांबवली आन् मग गिअरच पडंना. पोरं म्हणाली, काका, पाणी प्या आधी. म्या म्हटलं, ही बाई खाली गेली असती तर हिच्या घरी जाऊन काय तोंड दाखवलं असतं?"

माणूस असं बोलायला लागला की भाषण कुठून सुरू करायचं? मी एवढंच म्हटलं, "मीच होते ती."

"कोण?"

"मावशी."

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. चिडतील असं वाटलं, पण ते उठले, हात धुतले आणि बनियनवरच खाली गेले. मी मागोमाग. जिन्याखाली सायकलपुढं उकिडवं बसून ते म्हणाले, "दिवा तर हाय की मागं."

"आहेच. रोज लावते."

"मग दिसला का न्हाई?"

हा प्रश्न मलाही पडला होता. दिवा ह्यांच्या नजरेतूनच सुटला असणार, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. "सकाळी जशी जातीस तशी बस," म्हणाले. मी वर जाऊन स्वेटर घालून, डब्याची पिशवी घेऊन आले. दिवा लावला, पिशवी कॅरिअरला अडकवली आणि गेटपाशी सायकलवर चढून बसले. हे गल्लीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपर्यंत चालत गेले आणि तिथून वळून उभे राहिले. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

"लाव दिवा," तिकडून आवाज आला.

"लावलाय."

"लाव की मग."

"लावलाय म्हणते ना."

काकूंनी विचारलं, "काय चाललंय हो?" मी म्हटलं, "काही नाही, दिवा बघतोय." त्या म्हणाल्या, "कुठंय दिवा?"

हे चालत परत आले आणि त्यांनी पिशवी उचलली. खाली दिवा मजेत लुकलुकत होता. त्यांनी पिशवी सोडली, दिवा गेला. पुन्हा उचलली, पुन्हा आला. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, सुट्टीत विणायचं लोकरीचं काम, असं सगळं असायचं. तिचं पोट कॅरिअरवरून मागं लोंबायचं आणि बरोबर दिव्यावर बसायचं. म्हणजे सायकल चालवायला लागल्यापासून मी रोज पहाटे न चुकता डब्याच्या बुडाला उजेड देत होते.

ते पुन्हा एकदा पिशवी उचलून, खाली बघून म्हणाले, "कंपनीत सील अशीच तपासतीस का?"

काकू गॅलरीत हसल्या. मी पिशवी काढली आणि वर गेले.

त्या रविवारी त्यांनी सायकल ताब्यात घेतली. गाड्यांना रेडियमच्या पट्ट्या लावणाऱ्याकडे नेली आणि परत आणली तेव्हा ती मला ओळखू येईना. मडगार्डला लाल, दांड्यांना पिवळ्या, पेडलला पांढऱ्या पट्ट्या. दिवा कॅरिअरवरून काढून सीटच्या दांड्याला बांधलेला. शिल्लक पट्टी माझ्या स्वेटरच्या पाठीवर मारली. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, रस्त्याचं काम चालू आहे का कुठं?"

मागून आता दिसायला लागले, म्हणून मी पुढच्या दिव्याकडे वळले. मुलीकडून जास्त प्रखर दिवा मागवला. ओव्हरटाइम करून संध्याकाळी परतताना तो मी पूर्ण ताकदीनं लावायची, आणि खड्डे लांबून दिसावेत म्हणून थोडा वर करायची. रस्ता एकदम माझ्या मालकीचा झाल्यासारखा वाटायचा. समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरायचे, ते मला थंडीमुळे वाटायचं. एका रिक्षावाल्यानं जाता जाता विचारलं, "ताई, वरात कुठाय मागची?" मी दुर्लक्ष केलं. एकदा समोरून ह्यांची बस आली, दिवा चालू-बंद, चालू-बंद करत. इतक्या गर्दीत नवरा आपल्याला डिपर देतो म्हटल्यावर मला भरूनच आलं. मी घंटी वाजवली, तीही दोनदा. घरी आल्यावर ते डोळे चोळत म्हणाले, "कोणतरी नालायक समोरून हॅलोजन घेऊन आला आज, काही दिसंना." आणि मग त्यांची नजर माझ्या हातातल्या दिव्यावर गेली. दिवा खाली वाकवायला त्यांनी मला काही सांगितलं नाही. सकाळी तो आपोआप वाकवलेला होता.

ह्या सगळ्याचा ह्यांच्यावर मात्र वेगळाच परिणाम झाला. एके सकाळी मी लांडेवाडीकडून जात होते तर मागून हॉर्नचा गोंधळ. आधी बाजूला झाले, तरी गोंधळ तसाच. शेवटी थांबून नीट, पूर्ण मान वळवून बघितलं. माझ्या मागं ह्यांची बस, माझ्याच वेगानं, आणि तिच्या मागं टेम्पो, डंपर, मोटारसायकली अशी रांग. ओव्हरटेक करायला पुरेशी जागा नव्हती म्हणे. हाच माणूस म्हणायचा, सायकलवाल्याला दोन बोटं जागा पुष्कळ. मी हातानं खुणावलं, जा पुढं. त्यांनी खुणावलं, तू चल. बसमधल्या पोरांचा कारखान्यातला हजेरीचा पंच लागायला उशीर झाला. त्यांनीच मग तोडगा काढला. ह्यांना म्हणाले, "काका, काकूंना जरा लवकर निघायला सांगा ना राव." तेव्हापासून मी दहा मिनिटं आधी निघते.

फेब्रुवारीत स्कूटर गॅरेजला गेली. बस लावतात तिथवर जायला ह्यांनी माझी सायकल नेली. मी त्या दिवशी शेअर रिक्षानं गेले, गुडघे मुडपून, एका सायकलवाल्याला मनातल्या मनात नावं ठेवत. तो आमच्या रिक्षापुढं मुद्दाम रेंगाळतोय असं मला वाटत होतं.

संध्याकाळी हे आले ते सायकल हातात धरून, चालत. मला वाटलं पंक्चर. पंक्चर नव्हतं. चहा घेता घेता म्हणाले, "मागनं बस गेली की पाठीला वारा लागतो गं."

"हो."

"अंगावर घेतल्यागत वाटतं. आपण एकीकडं आन् सायकल एकीकडं."

"हो."

"रोज?"

"रोजच," मी म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ त्यात काहीतरी शोधत बसले. मीही बिस्किटाचा डबा उगाच पुढं केला. माफी मागायची वेळ आमच्याकडे आली तर बिस्किटं संपतात.

आता ते सायकलवाल्याच्या बाजूनं जाताना बस अशी लांबून नेतात की दुभाजकाला घासायची राहते. जेवताना शिव्या अजून देतात, पण हल्ली जास्त करून मोटारसायकलवाल्यांना. हॉर्न मात्र मला देत नाहीत, कारण हॉर्न ऐकला की मी दचकून वळते हे त्यांना कळलं आहे.

त्यामुळे मागून येणारी बस ह्यांची आहे की दुसऱ्या कुणाची, हे मला शेजारून जाईपर्यंत समजत नाही. आणि चाकणला जाणाऱ्या बसा सगळ्या पांढऱ्याच. चष्म्यावर दव बसलेलं असतं. मग मी सरसकट प्रत्येक पांढऱ्या बसला हात करते. सुरुवातीला ड्रायव्हर गोंधळून बघायचे, आता बरेचसे उलट हात करतात. एकानं तर परवा थांबून विचारलं, "मावशी, कुठं सोडू का?" त्याला नको म्हणेपर्यंत आणखी एक पांढरी बस शेजारून निघून गेली.

त्या संध्याकाळी घरी ह्यांनी विचारलं, "सकाळी हात का केला न्हाई?"

"केला की."

"मला न्हाई केला."

मी म्हटलं, उद्या करते.