आत्या मुद्दाम चुकायची

आधी माफी मागतो. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि छापून यावं असं लिहिण्याची माझी तयारी किती, हे मला ठाऊक आहे. पण कॉलेजच्या वार्षिकांकासाठी गावाबद्दल लिही म्हणून सर मागे लागले, आणि गाव म्हटलं की मला आधी माझी आत्या दिसते. तिला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून तिच्या वतीने मीच लिहितो. शहापूर तालुक्यातल्या शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावरचं कोणी हे वाचलं, किंवा माझ्यासारखं बाहेर पडलेल्या कोणी वाचलं, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी निघालो त्या सकाळी बाबा ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे चालत होते, आई माझ्या बाजूला, आणि सगळ्यांत मागे आत्या, तिच्याभोवती पाड्यावरची सात-आठ पोरं. मुरबाडला जाऊन तिथून माळशेज घाटाने पुण्याला जाणारी एसटी पकडायची होती. आई म्हणाली, "येळेवर जेवत जा." बाबांनी ट्रंक खाली ठेवली. त्यांनी ट्रंकेची कडी दोनदा ओढून बघितली. मी आत्याला हळूच विचारलं, "आता पोरांचं कसं करशील?"

"तू काय त्यांचा बाप हायस? जा, गाडी सुटंल."

पोरं हसली. गाडी सुटली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर पुण्याला आला.

आत्या धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीची वेगळी गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ती गाणारी बाई धवलारीण. तिने गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आत्याला हे सगळं तोंडपाठ. धवल्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते अशुभ मानतात, आणि आत्याचा शब्द कधी चुकला नाही असं शहापूरपासून मुरबाडपर्यंत लोक सांगायचे. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवायची नाही.

बारावीची परीक्षा झाल्यावर मी घरी रिकामा होतो. शाळेतल्या गुरुजींनी पेटीतली गोष्टींची पुस्तकं माझ्या हवाली केली. पोरं चौथी-पाचवीत गेली तरी अक्षराला अक्षर जोडत बसतात, त्यांना जरा गोडी लाव, असं ते म्हणाले. मी आमच्या खळ्यावर बसून वाचायला लागलो. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली. चौथ्या दिवशी दोन, त्यातलं एक झोपलेलं. आत्या बाजूला तांदूळ पाखडत होती.

"वाचतोस का मयताला बसलायस रे? आन, मला सांग ती गोष्ट."

एकदाच ऐकली तिने. एका कुंभाराचं गाढव वाट चुकून राजाच्या वरातीत शिरतं, अशी ती गोष्ट होती. आत्याने ती धवल्याच्या चालीत बसवली. दर कडव्याला पोरांसाठी एक ओळ ठेवली, आणि एकाला तेलाचा रिकामा डबा वाजवायला दिला. आठ दिवसांत खळ्यावर जागा पुरेना. पोरं पुस्तक मांडीवर घेऊन, ओळींवरून बोट फिरवत गायला लागली. मला वाटलं, जमलं. मी स्वतः जाऊन गुरुजींना सांगितलं की आमची पोरं वाचायला लागली.

गुरुजी आले. त्यांनी जनीला पुढे बोलावलं. जनी आमच्या शेजारची, पाचवीतली, डोळे मोठे, बोलायला तिखट. ती घडाघडा वाचायला लागली. ती मध्यावर असताना गुरुजींनी शांतपणे दोन पानं एकदम उलटली. जनी थांबली नाही. पानावरच्या चित्रात गाढव नदीत उभं होतं आणि जनीच्या तोंडी ते अजून वरातीत नाचत होतं.

गुरुजी हसले नाहीत. "पाठांतर चांगलं आहे," एवढंच म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मला पुण्याला निघायला पंधरा दिवस उरले होते. पोरं पुस्तकाकडे बघत होती, पण वाचत नव्हती. ती आत्याला गात होती.

मी तिला तसं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी बरोबर गाते, म्हनून त्यांना बघायलाच लागत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडून एक नवीन गोष्ट वाचून घेतली. पोरांनी ती ऐकलेली नव्हती. संध्याकाळी ती गायली आणि शेवटी सांगितलं, "यात तीन जागी मी चुकलेय. कुठं ते पुस्तकात आसंल. मला काय वाचता येत नाय."

पोरांना खरं वाटेना. "आत्या, तू चुकत नायस."

"आज चुकले. बोट ठेवून दाखवा, नायतर उद्या गानं नाय."

त्या गोष्टीच्या चार प्रतींवर वीस डोकी पडली. कोणी अक्षरं जोडत होतं, कोणी दुसऱ्याचं पुस्तक ओढत होतं. जनीने पहिली चूक पकडली. "आत्या, हितं म्हातारी रडली नाय. ती हसली. ह, स, ली."

"कुठं?"

"ही बघ."

"मला काय बघायला सांगतेस गो? यांना दाखव."

त्या पंधरा दिवसांत पोरं जेवढी वाचली तेवढी वर्षभरात वाचली नसतील. आणि आत्याला त्याचं मोलही द्यावं लागलं. मुरबाडकडच्या एका लग्नात एक बाई तिला सगळ्यांसमोर म्हणाली, "धवलारीन आता चुकते म्हनं." आत्याने हळदीचं ताट खाली ठेवलं नाही. "पोरांपुढं चुकते. देवापुढं नाय," म्हणाली आणि पुढचा धवला उचलला. त्या दिवशी ती शेवटपर्यंत एका शब्दाला अडली नाही, हे मला आईने सांगितलं.

पण या सगळ्यात एक अडचण होती, ती मला निघताना दिसत होती. चुकायचं तर आधी बरोबर काय ते आत्याला कळायला हवं. सकाळी तिला वाचून दाखवणारा मी होतो, आणि मीच चाललो होतो. त्याच महिन्यात गुरुजींचीही बदली झाली.

पुण्यात हॉस्टेल मिळालं, मेस मिळाली, एक जुनी सायकल मिळाली. लायब्ररीत पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ नुसता उभा राहिलो. एवढी पुस्तकं, आणि सगळे गप्प. मी वाचताना ओठ हलवतो म्हणून रूम पार्टनर चिडवायचा. मी ती सवय सोडली नाही. प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन असे शब्द माझ्या तोंडात बसायला लागले, आणि आई फोनवर म्हणाली, "तू 'नाय' म्हनत नायस आता, 'नाही' म्हनतोस." ती रागावली नव्हती. पण मी त्या दिवशी फारसा जेवलो नाही.

मी घरी आणि आत्याला पत्रं पाठवत होतो. उत्तर येत नव्हतं. येणार कसं, घरात ती वाचता येणारं कोण होतं? शेणव्याच्या पीसीओवरून बाबा ओरडून सांगायचे, "सगळं बरं हाय." पोरांचं विचारेपर्यंत लाइन तुटायची. मी मनाशी धरून चाललो की खळ्यावरचं ते सगळं माझ्या मागे बंद पडलं. माझं शिक्षण सुरू व्हावं म्हणून त्यांचं थांबलं, असं वाटायचं. घर म्हणजे आपण मागे सोडतो ती जागा, असंच तेव्हा मी धरलं होतं. आज तसं म्हणवत नाही. मी नसतानाही जिथलं काम चालू राहतं ते माझं घर, असं आता म्हणेन, आणि हे म्हणताना मला वाईट वाटत नाही, उलट मान ताठ होते.

दिवाळीच्या सुट्टीला दोन आठवडे होते तेव्हा हॉस्टेलच्या टेबलावर माझ्या नावाचं एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. आत लिहिलं होतं:

"दादा, नमस्कार. मी जनी. तुजं पत्र मी आत्याला सकाळी वाचून दाखवलं. संध्याकाळी ती सगळ्यांना म्हनली, दादा पुन्यात हत्तीवर बसून कॉलेजात जातो. पोरांनी पत्र मागितलं. त्यात सायकल आहे. सकाळी वाचायची पाळी आमी बदलतो. या आठवड्यात माजी आहे, मग किसनची. जो सकाळी वाचतो त्याने संध्याकाळी गप बसायचं. पेटीतली पुस्तकं संपली म्हनून आता तुजी पत्रं घेतो. ती लवकर संपतात. लांब लिहीत जा."