साडूंचा ऑरेटोरिओ

महाडपासून पोलादपूरपर्यंत एका परदेशी संत मुलीसाठी जेवणाच्या ताटावर रडलेला पुरुष एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बिरवाडीला राहतात, वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. घरात अगरबत्ती लावली की ती विझेपर्यंत स्वतः समोर उभे. आमची मेव्हणी म्हणते, शेजाऱ्यांना ती भक्ती वाटते.

एकदा कंपनीच्या कामासाठी मुंबईला गेले असताना कुणीतरी त्यांना एका ऑरेटोरिओला नेलं. देवाचे आवाज ऐकू येतात म्हणाली म्हणून धर्माच्याच माणसांनी जिला जिवंत जाळलं, त्या मुलीची कथा. काळ्या कपड्यांतली माणसं रांगेत उभी राहून ती गातात आणि जागची हलत नाहीत. "नाटक आहे पण हालचाल नाही, भजन आहे पण टाळ नाहीत," साडूंनी मला समजावलं, आणि आपल्याकडे हे व्हायलाच हवं असं ठरवून टाकलं. पदं त्यांनीच लिहिली, चालीही त्यांनीच लावल्या. ऑरेटोरिओ हे नाव मात्र कुणाच्या जिभेवर बसेना, त्याचं 'ऑटो' झालं. रिक्षास्टँडवर तर हा आपल्याच संघटनेचा कार्यक्रम असल्याचा समज बरेच दिवस टिकून होता.

गायक बिरवाडीच्या भजनी मंडळातले, म्हणजे कारखान्यांतलेच. साडूंनी पहिल्या पाळीवाल्यांना न्यायाधीश केलं आणि दुसऱ्या पाळीवाल्यांना देवदूत. त्यामुळे तालमीला एक तर स्वर्ग हजर असे, नाही तर न्यायालय. एकदा मुलीला शिक्षा सुनावायला कुणीच नव्हतं, तेव्हा ती देवदूतांकडूनच सुनावून घेतली, आणि त्यांनी ती न्यायाधीशांपेक्षा जास्त उत्साहाने सुनावली. न हलण्याचं तर भजनी माणसांना जमेचना. सूर लागला की माना डोलायच्या, आणि साडू त्या मानांकडे गॅसगळतीकडे पाहावं तसे पाहायचे.

नायिका होती पॅकिंगमधली सुमन, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीतली. साडू परवानगी मागायला गेले तेव्हा देवाचं गाणं आहे एवढंच तिच्या आईला कळलं आणि तिने हो म्हटलं. जाळण्याच्या प्रसंगाला ज्वाळा सोडाच, साडूंनी नारिंगी दिवासुद्धा लावू दिला नाही. आग फक्त सुरांत पेटायची, आणि तरीही रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना अग्निशामक नळकांडी उभी होती.

प्रयोग पोलादपूरला झाला. प्रमुख पाहुणे असलेल्या पुढाऱ्यांनी या भगिनीच्या बलिदानाचा तालुक्याला अभिमान असल्याचं सांगितलं, तिच्या गावाला सभामंडप जाहीर केला, आणि नारळ-शाल घेऊन पुढच्या कार्यक्रमाला गेले.

मग गाणं सुरू झालं. माना थोड्या डोलल्या, पण सुमनने सगळ्यांना धरून ठेवलं. न्यायाधीशांनी शिक्षा गायली. ती एकटी उभी राहून शेवटचं पद म्हणू लागली, आणि पुढच्या रांगेतून तिची आई उठून रंगमंचाला टेकली.

"बस करा आता," ती न्यायाधीशांना म्हणाली. "पोरीला सोडा."

कुणी हसलं नाही. साडू खाली उतरले. ही सुमन नव्हे, लांबच्या देशातली, फार जुनी गोष्ट आहे, आणि तिला खरोखरच जाळलं होतं, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. बाईने ते नीट ऐकून घेतलं.

"मग तिची आय कुठं होती तवा?"

साडूंनी राजा लिहिला होता, सैनिक लिहिले होते, देवदूतांचे तीन प्रकार लिहिले होते. आई लिहिली नव्हती.

"मला ठाऊक नाही, मावशी," ते म्हणाले.

सुमनने पद पूर्ण केलं. आई तिथेच उभी राहिली, रंगमंचाच्या कडेवर हात ठेवून.

दुसरा प्रयोग झाला नाही. मंडळी पुन्हा टाळ घेऊन मनसोक्त डोलू लागली. साडू मात्र आईचं पद लिहायला बसले. परवा गेलो तेव्हा त्यांनी मला ओटीवर त्याच्या पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. चांगल्या होत्या. त्यांत ती आई गर्दीतून वाट काढत पुढे येते, पोरीला दिसेल अशी उभी राहते.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ती काय म्हणेल," साडू म्हणाले, "तेच मला ऐकू येत नाही."