मावल्याच्या ऑफिसातली विकी

फायली साचल्या की टेबलावर दिसतात. किस्से साचलेले दिसत नाहीत. चहाला दोन माणसं जास्त आली की बाहेर पडतात. आमच्या मावला गावच्या शेतकरी कंपनीत विकी निवडताना तर पोतंभर साचले.

विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची पानं. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. ती लागली, कारण कापसाचं सगळं आमचे सल्लागार विनायकराव यांच्या डोक्यात होतं. ते माझे यजमान. मागच्या वर्षी गेले. जाण्याआधी एका सॉफ्टवेअरवर त्यांनी बरीच टिपणं लिहून ठेवली होती. आता पेरणीआधी तीन सॉफ्टवेअर पारखून एक ठेवायचं होतं. त्यांचं ठेवलं नाही तर ती पानंही जाणार होती.

*

पहिल्या सॉफ्टवेअरवर मॅनेजर गंगाधर सरांनी लिहिलं, ‘कापूस ऑगस्टमध्ये पेरावा.’ कुणी हात लावला नाही. उलट खाली प्रत्येकानं लिहिलं, ‘छान माहिती, सर.’

मी फिल्डवरच्या शंकररावांना म्हटलं, "दुरुस्त करा ना, पेरणी जूनमध्ये असते."

"म्याडम, मोठ्या मानसाचं लिहेलं खोडू कसं?" म्हणत त्यांनी सरांनाच फोन लावला. "सर, ऑगस्ट जरा मागं सरकवू काय?"

सर म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

*

दुसऱ्यात एकानं पान लिहायला घेतलं की बाकीच्यांना ते बंद. फवारणीचं पान दुपारपर्यंत उघडेना. शंकरराव ते उघडून घरी जेवायला गेले होते.

"पान काऊन अडवलं?" हिशेब बघणाऱ्या लक्ष्मीनं विचारलं. ती तेलुगू, पण मराठीत भांडायला पक्की.

"बसमंदी रुमाल टाकतो ना आमी? तसं. जेवून लिहिणारच होतो."

*

तिसरं विनायकरावांचं. त्यात शोधायची सोय चांगली. तरी शंकरराव विचारत, "लक्ष्मी, खताचं कुठं हाय?"

"सर्च करा."

"तेच करून राह्यलो ना. तुले विचारून राह्यलो."

*

शेवटी हैदराबादहून तिसऱ्या सॉफ्टवेअरचा माणूस आला. म्हणाला, "जो लोग काम छोड़ के गए, उनका खाता बंद होगा. उनके पन्ने भी हटेंगे."

आम्ही कुणीच स्वतःचं खातं उघडलं नव्हतं. विनायकरावांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ, म्हणून सगळे त्यातूनच शिरत होतो.

त्यानं लिहिणाऱ्यांची यादी उघडली आणि एकच नाव बघून थबकला. "ये विनायक सर कौन हैं? सब कुछ यही लिखते हैं. आज सुबह भी लिखा है. मिल सकता हूँ?"

लक्ष्मी माझ्याकडे बघत राहिली.

"फिल्ड पे हैं, साब," शंकरराव म्हणाले.

"इतनी धूप में?"

"उनका वैसाच रहता," मी म्हटलं.

माणूस खूश झाला. "ऐसे आदमी को छोड़ना मत."

गंगाधर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नहीं छोड़ेंगे," ते म्हणाले. "यही सॉफ्टवेअर फायनल."